राखाडी प्रायमरवर चढवलेला गडद रंग: बोहरी आळीतील एका दुकानाच्या टिंटिंग सेवेचे परीक्षण

पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत रंग, हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या सामानाची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच रंगदुकानांत आता मागेल ती छटा मिसळून देणारे, संगणकावर चालणारे टिंटिंग यंत्र असते. त्यांतल्याच एका जुन्या दुकानातून आम्ही दिवाळीपूर्वी घरातील तीन भिंतींसाठी रंग घेतला आणि त्याच दुकानाने सुचवलेल्या रंगाऱ्यांकडून काम करून घेतले. तिन्ही भिंती अवघड होत्या. दिवाणखान्यातील बदामी भिंत गडद लाल करायची होती, अभ्यासाच्या खोलीतील गडद निळी भिंत हळदी पिवळी करायची होती आणि झोपण्याच्या खोलीतील मरून भिंत पुन्हा मोतिया पांढरी करायची होती. फिकट रंगावर तशाच फिकट रंगाचे दोन हात देणे कोणत्याही रंगाऱ्याला जमते. दुकानदाराची जाण आणि मालाची प्रत कळते ती खालचा आणि वरचा रंग एकमेकांशी भांडत असतात अशा भिंतीवर. म्हणून हे परीक्षण केवळ त्या दुकानाचे नाही, तर गडद रंगाखाली मुद्दाम रंगवलेला प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा तळाचा थर, देण्याच्या त्या पद्धतीचेही आहे.

माझे मत आधीच सांगते. गडद रंगाची भिंत पूर्ण झाकली जाणे हे वरच्या महागड्या इमल्शनपेक्षा (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगापेक्षा) त्याच्या खालच्या, तुलनेने स्वस्त थरावर अधिक अवलंबून असते, आणि हे ओळखून ग्राहकाला एक डबा कमी विकणारे दुकान मला विश्वासार्ह वाटते. लाल भिंतीचे काम उत्कृष्ट झाले, पिवळ्या भिंतीचे चांगले झाले पण त्यासाठी एक जादा थर लागला, आणि पांढऱ्या भिंतीचे काम अपेक्षेपेक्षा सोपे गेले. सेवेत काही उणिवाही आहेत आणि त्या पुढे येतीलच.

गडद रंग का झाकत नाही, हे समजून घेतल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. शेड-कार्डावर हजाराहून अधिक छटा दिसत असल्या तरी दुकानात तेवढे डबे नसतात; तिथे असतात ते मोजके बेस, म्हणजे छटा मिसळण्याआधीचे मूळ रंग, आणि यंत्रातल्या रंगद्रव्यांच्या नळकांड्या. फिकट छटांसाठी पांढरा बेस वापरतात आणि त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य भरपूर असते. छटा जसजशी गडद होत जाते तसतसा हे पांढरे द्रव्य कमी असलेला बेस निवडावा लागतो, आणि अगदी तीव्र लाल, पिवळ्या किंवा निळ्या छटांसाठी जवळजवळ पारदर्शक असलेला डीप बेस घेतात, कारण पांढरे द्रव्य त्यात राहिले तर लालाचा गुलाबी आणि पिवळ्याचा साईसारखा फिकट रंग होईल. खालचे झाकण्याचे मुख्य काम मात्र हेच पांढरे द्रव्य करत असते. त्याच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याचे माप, सुमारे २.७ आहे, तर रंगाला भिंतीशी धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचा सुमारे १.५, या मोठ्या फरकामुळे प्रकाश थरात शिरताच विखुरला जातो आणि खालच्या भिंतीपर्यंत पोचून परत येऊ शकत नाही. स्वस्त रंगांत भर म्हणून घालतात त्या खडूच्या भुकटीचा अपवर्तनांक सुमारे १.६ असल्यामुळे चिकट द्रव्यात बुडाल्यावर ती जवळपास दिसेनाशी होते. म्हणजे ग्राहक सर्वांत तीव्र छटा निवडतो तेव्हा झाकण्याची सर्वांत कमी ताकद असलेला बेस त्याच्या डब्यात येतो, आणि तरीही बहुतेक वेळा त्याच्याकडून त्या डब्याचे पैसे अधिक घेतले जातात, कारण तीव्र रंगद्रव्ये स्वतः महाग असतात. यात फसवणूक नाही. फक्त हे कोणीतरी आधी सांगायला हवे, आणि बऱ्याच दुकानांत ते सांगितले जात नाही.

या दुकानात ते सांगितले गेले. आम्ही शेड-कार्डावरच्या लाल छटेवर बोट ठेवले तेव्हा काउंटरवरच्या वयस्क शेठनी आधी भिंतीचा सध्याचा रंग विचारला, मग भिंतीवर लांबी (खड्डे-भोके बुजवायची पुट्टी) नव्याने भरणार का ते विचारले आणि त्यानंतर म्हणाले, “ताई, या लालाखाली पांढरा प्रायमर देऊ नका, राखाडी द्या, नाहीतर चार हात मारले तरी गुलाबी पट्टे दिसतील.” त्यांनी शेड-कार्डाचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला आणि त्यात तो लाल रंग जेवढा काळपट दिसत होता तेवढ्याच काळपट राखाडी छटेचे प्रायमर करून देण्याची तयारी दाखवली. या साध्या युक्तीमागे पक्के तत्त्व आहे. लाल रंगद्रव्य निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेते, पण लाल प्रकाश त्याच्यातून बराचसा आरपार जातो. खाली पांढरा थर असेल तर तो हा प्रकाश जोराने परत फेकतो, आणि रोलरचा थर जिथे किंचित पातळ पडला असेल तिथे भिंत उजळ दिसू लागते. खाली त्याच उजेडाचा राखाडी थर असेल तर पातळ आणि जाड जागांतला उजेडाचा फरक उरत नाही. आपल्या डोळ्यांना रंगाच्या छटेतला बारीक फरक सहज कळत नाही, उजेड-अंधाराचा फरक मात्र चटकन कळतो, म्हणून राखाडी थरामुळे भिंत लवकर एकसारखी दिसते. परदेशांतील काही मोठ्या रंगकंपन्या गडद छटांसाठी राखाडी प्रायमरच्या ठरावीक पायऱ्या सुचवतात. आपल्याकडे घरोघरी अजून पांढराच प्रायमर मारला जातो आणि झाकण्याचा सगळा भार वरच्या हातांवर टाकला जातो.

इथे सेवेतील पहिली उणीव नोंदवावी लागेल. दुकानातल्या यंत्राच्या संगणकात इमल्शनच्या छटांची सूत्रे होती, पण प्रायमर राखाडी करण्याचे सूत्र नव्हते, त्यामुळे शेठनी काळ्या स्टेनरचे, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट द्रवरूप रंगद्रव्याचे, थेंब हाताने घालून ते तयार केले. छटा अचूक जमली खरी, पण घातलेले प्रमाण त्यांनी कुठेच लिहून ठेवले नाही. आम्हाला पुन्हा तीच राखाडी छटा लागली असती तर ती नेमकी जुळली असतीच असे नाही. प्रायमरच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही, कारण वरून रंग येणारच असतो. तरीही इतके चांगले ज्ञान असलेल्या दुकानाने ते सूत्र वहीत उतरवून ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. स्टेनर घालताना त्याचे प्रमाण डब्यावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत ठेवणेही महत्त्वाचे असते, कारण स्टेनर जास्त झाला तर प्रायमर नीट वाळत नाही आणि वरचा थर त्याला घट्ट धरत नाही.

लाल भिंतीच्या कामाकडे वळू. जुन्या बदामी रंगावर पॉलिश पेपर फिरवून, खिळ्यांची भोके लांबीने भरून, त्या जागांवर आधी नुसता प्रायमर लावून मग संपूर्ण भिंतीवर राखाडी प्रायमरचा एक हात दिला गेला. लांबीच्या ठिगळांवर आधी वेगळा प्रायमर लावण्याला काही जण अनावश्यक म्हणतात. मला मात्र तो खर्च वाचवण्यासारखा वाटत नाही, कारण लांबी पाणी आणि चिकट द्रव्य शोषून घेते आणि ते ठिगळ गडद रंगाखाली निस्तेज डागासारखे कायम दिसत राहते. फिकट भिंतीवर असे डाग खपून जातात, गडद भिंतीवर संध्याकाळी दिवा लागला की लगेच नजरेत येतात.

प्रायमर पूर्ण वाळल्यावर लालाचे दोन हात देण्यात आले. पहिला हात वाळताना भिंत पट्ट्यापट्ट्यांची दिसत होती, आणि घरातल्या सर्वांना काळजी वाटू लागली होती. पण इमल्शन ओले असताना त्याच्या झाकण्याच्या क्षमतेविषयी मत बनवू नये. थरातले पाणी उडून जाते तसे रंगद्रव्याचे कण जवळ येतात, थर दाट होतो आणि कालपर्यंत पारदर्शक वाटणारा रंग भरीव दिसू लागतो. डब्यावर पुढच्या हातापूर्वी ठेवण्याचे जे अंतर लिहिलेले असते, सामान्यतः तीन ते चार तास, ते पाळलेच पाहिजे, आणि पावसाळा नुकताच सरलेला असताना, हवेत ओल असताना, त्याहूनही अधिक थांबणे चांगले. दिवाळीआधीच्या घाईत रंगारी एकाच दिवसात सगळे हात उरकू पाहतात. आमच्याकडे आलेल्या रंगाऱ्यांनी तसे केले नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. दुसरा हात वाळल्यावर भिंत जवळजवळ पूर्ण झाकली गेली. तिसरा हात द्यावा लागला नाही आणि त्यासाठी घेतलेला एक लिटरचा डबा उघडलाही गेला नाही.

कडेचे काम मात्र एकदा परत करावे लागले. छताला आणि कोपऱ्याला लागून ब्रशने जी कटिंग करतात, तिथला थर रोलरने दिलेल्या थरापेक्षा पातळ पडतो. फिकट रंगात हा फरक दिसत नाही, पण लाल किंवा निळ्या भिंतीला त्यामुळे चारी बाजूंनी उजळ चौकट आल्यासारखी दिसते. रंगाऱ्यांनी ती चौकट पाहिल्यावर कोणी सांगण्याची वाट न पाहता, चार इंची छोटा रोलर घेऊन कडांवर एक जादा हात फिरवला आणि तो ओला असतानाच मोठ्या रोलरने आतल्या भागाशी जुळवून घेतला. तरीही एका कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीशेजारी, बारकाईने पाहिल्यास थोडा फरक जाणवतो.

पाण्याच्या प्रमाणाविषयी इथेच लिहिणे योग्य होईल, कारण गडद रंग न झाकण्याचे दुसरे मोठे कारण तेच असते. इमल्शन जितके पातळ कराल तितका रोलर हलका चालतो आणि डबा अधिक भिंत पुरवतो, म्हणून रंगाऱ्याला पाणी घालण्याचा मोह होतो. एक लिटर रंग दहा चौरस मीटर भिंतीवर सारखा पसरला तर ओला थर १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर, जाड होतो. त्यात घन भाग ३५ टक्के धरला तर वाळल्यावर ३५ मायक्रॉनचा थर उरतो. त्याच लिटरमध्ये आणखी ४०० मिलीलिटर पाणी घालून तो तितक्याच ओल्या जाडीने चौदा चौरस मीटरवर पसरला, तर वाळलेला थर २५ मायक्रॉनचाच राहतो, म्हणजे झाकण्याची क्षमताही त्या प्रमाणात घटते. पांढऱ्या बेसमध्ये ही तूट भरून निघते, डीप बेसमध्ये ती भिंतीवर दिसते. या दुकानाने आम्हाला डब्यावरच्या प्रमाणाचा खालचा आकडा वापरायला सांगितला होता आणि मोजपात्र घरी पाठवले होते. दिसायला ही छोटी गोष्ट आहे, पण माझ्या मते संपूर्ण सेवेतील ती सर्वांत उपयुक्त गोष्ट होती.

आता पिवळी भिंत, जिथे या पद्धतीची खरी कसोटी लागली. पिवळा हा झाकण्याच्या बाबतीत सर्वांत दुबळा रंग आहे आणि त्याखाली गडद निळा असेल तर दुखणे दुप्पट होते, कारण पिवळ्या थरातून निळा डोकावला की भिंत हिरवट मारते. शेठनी लालाखाली राखाडी प्रायमर सुचवला होता, म्हणून पिवळ्याखालीही तोच चालेल असे गृहीत धरणे सोपे होते. त्यांनी स्वतःच ते नाकारले. पिवळ्यात काळ्याचा अंश मिसळला की तो शेवाळी दिसू लागतो हे कोणत्याही चित्रकाराला ठाऊक असते, आणि राखाडी थरावरचा पातळ पिवळाही तसाच मळकट हिरवट दिसतो. म्हणून इथे आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात देऊन निळ्याचा जोर मोडला, आणि त्यावर पिवळ्या मातीच्या रंगाचा, म्हणजे पिवळा आयर्न ऑक्साइड घातलेल्या प्रायमरचा हात दिला. आयर्न ऑक्साइडचे रंग फारसे तेजस्वी नसतात, पण झाकण्यात ते दणकट असतात. मातकट पिवळ्याच्या त्या थरानंतर खालच्या निळ्याचा मागमूस उरला नाही. त्यावर हळदी पिवळ्या इमल्शनचे दोन हात दिल्यावर भिंत तेजस्वी आणि एकसारखी झाली. एकूण चार थर लागले, त्यांपैकी दोन स्वस्त प्रायमरचे. सरळ पांढऱ्या प्रायमरवर डीप बेसमधला पिवळा चढवला असता तर महाग इमल्शनचे चार किंवा अधिक हात लागले असते, आणि प्रायमरचा लिटरमागचा भाव अशा इमल्शनच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे बचतीचे गणित सरळ आहे.

या भिंतीवर काम करताना वयाने मोठे असलेले रंगारी म्हणाले की पूर्वीचा पिवळा ऑइलपेंट एका हातात झाकायचा, आताच्या पिवळ्याला अंगच नाही. त्यांचे निरीक्षण खरे आहे आणि त्याचे कारण समजून घेणे प्रत्येक घरमालकासाठी गरजेचे आहे. पूर्वीच्या अनेक पिवळ्या आणि नारिंगी ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट हे शिसे असलेले रंगद्रव्य असे. ते अतिशय अपारदर्शक, तेजस्वी आणि स्वस्त होते, पण त्यातले शिसे विषारी असते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा गंभीर परिणाम होतो. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमधील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. आजचे पिवळे बहुतांशी सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांच्या, रंगद्रव्यांचे असतात. ती स्वच्छ आणि तेजस्वी असतात, पण अंगाने पारदर्शक. महागड्या मालात बिस्मथ व्हॅनाडेटसारखी अपारदर्शक पिवळी रंगद्रव्ये वापरता येतात, मात्र त्यांची किंमत मोठी असते. म्हणजे आजच्या पिवळ्याचे दुबळेपण हे मुलांच्या आरोग्यासाठी आनंदाने स्वीकारावे असे आहे, आणि त्याची भरपाई खालच्या मातकट थराने करता येते. याच कारणासाठी, जुन्या घरातील पिवळी, नारिंगी किंवा हिरवी दारे-खिडक्या रंगवताना जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नये; पाणी लावून घासावा आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. आमच्या रंगाऱ्यांना हे सांगावे लागले, त्यांनी ते आपणहून केले नाही. दुकानाने माणसे सुचवताना एवढी शिकवण त्यांना द्यायला हवी.

मरून भिंत पांढरी करण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पांढऱ्यात झाकणारे द्रव्य भरपूर असते, त्यामुळे पांढऱ्या प्रायमरचा एक आणि मोतिया इमल्शनचे दोन हात पुरले. शेठनी शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित काळसर-पिवळसर झाक असलेली मोतिया छटा घ्यायला सुचवले होते, आणि ते योग्यच होते; प्रकाश शोषणाऱ्या रंगद्रव्याचा अगदी थोडा अंशही पांढऱ्याची झाकण्याची क्षमता लक्षणीय वाढवतो, म्हणून अगदी शुभ्र पांढऱ्यापेक्षा मोतिया रंग गडद भिंतीवर लवकर बसतो.

दोन विरोधी रंग जिथे भेटतात त्या रेषेचे काम मात्र कौतुकाचे झाले. दिवाणखान्यात लाल भिंतीच्या शेजारी मोतिया भिंत येते, आणि अशा कोपऱ्यात लालाचा एक ओघळ पलीकडे गेला तरी तो झाकायला पांढऱ्याचे दोन-तीन हात लागतात. रंगाऱ्यांनी आधी मोतिया भिंत पूर्ण केली, ती चांगली वाळू दिली, तिच्यावर मास्किंग टेप लावली आणि टेपच्या कडेवरून पुन्हा मोतिया रंगाचाच एक पातळ हात फिरवला. टेपखालच्या बारीक फटींत जे काही शिरायचे होते ते मोतियाच शिरले आणि फटी बंद झाल्या. त्यावर लाल दिल्यावर तो आत शिरायला जागाच उरली नव्हती. शेवटचा हात पुरता कडक होण्याआधी टेप तिरकी ओढून काढली आणि रेषा सुरीने कापल्यासारखी सरळ निघाली. खोलीत दोन तीव्र रंग शेजारी ठेवायचे असतील त्यांनी रंगाऱ्याला ही रीत माहीत आहे का, हे काम देण्याआधीच विचारावे.

डब्यांवरच्या आणि जाहिरातींतल्या ‘एका हातात झाकतो’ अशा दाव्यांविषयीही लिहायला हवे. झाकण्याची क्षमता प्रयोगशाळेत मोजतात ती अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कार्डावर ठरावीक जाडीचा थर देऊन. काळ्यावरचा आणि पांढऱ्यावरचा परावर्तित प्रकाश मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ९८ टक्क्यांवर पोचले की व्यवहारात पूर्ण झाकले असे मानतात, आणि युरोपातील ईएन १३३०० या मानकात ९९.५ टक्के व त्याहून अधिक असेल तर पहिला वर्ग, ९८ ते ९९.५ असेल तर दुसरा वर्ग अशी प्रतवारी आहे. ही प्रतवारी पांढऱ्या आणि फिकट रंगांसाठी असते. तीव्र लाल किंवा पिवळ्या रंगाविषयी त्यातून काहीच ठरत नाही, म्हणून पांढऱ्या बेसविषयीचा दावा आपल्या हळदी पिवळ्याला लागू करून निराश होण्यात अर्थ नाही. घरी करता येण्याजोगी परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड काळ्या मार्करने पट्टे ओढावेत, त्यावर निवडलेल्या रंगाचा रोलरने एक हात द्यावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मग दुसरा द्यावा. किती हातांनंतर पट्टे दिसेनासे होतात ते पाहिले की डबे किती लागतील याचा अंदाज येतो. अशी चाचणी करण्यासाठी दुकानात नमुन्यादाखल छोटी डबी मिळायला हवी होती. या दुकानात आमच्या छटांसाठी एक लिटरपेक्षा लहान माप मिळाले नाही, ही सेवेतली दुसरी उणीव.

टिंटिंगचे काम मात्र नेटके होते. प्रत्येक डब्याच्या झाकणावर त्या रंगाचा ठिपका वाळवून दाखवला गेला, बाजूला छटेचा क्रमांक, बेस आणि सूत्र छापलेली पट्टी लावली गेली, आणि सर्व डबे एकाच खेपेचे आहेत ना हे आमच्यासमोर तपासले गेले. तरीही रंगाऱ्यांनी लालाचे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून घेतले, जे गडद रंगात नेहमीच करावे, कारण यंत्राने मोजलेल्या रंगद्रव्यांतही डब्याडब्यांत बारीक फरक राहू शकतो आणि तो भिंतीच्या मध्यावर उमटला तर लपत नाही. टिंट केलेला माल परत घेतला जात नाही, हे बिलावर ठळक लिहिले होते आणि तोंडीही सांगितले होते, म्हणून न उघडलेला लाल डबा आमच्याकडेच राहिला याबद्दल माझी तक्रार नाही.

भिंत झाकली गेली म्हणजे काम संपले असे गडद रंगात होत नाही, आणि हे दुकानाने आधी सांगायला हवे होते. डीप बेसमध्ये द्रवरूप रंगद्रव्य खूप घालावे लागते, आणि त्याच्यासोबत येणारे ओलसर घटक थर पूर्ण घट्ट होण्यास वेळ लावतात. काम झाल्यावर काही आठवडे भिंत ओल्या कापडाने पुसू नये. या काळात पाण्याचे शिंतोडे उडाले किंवा भिंतीवर दव साचले तर पांढरट किंवा चिकट ओघळ दिसू शकतात, आणि कापडाला रंग लागतो. सोफ्याची पाठ, खुर्च्यांचे काठ आणि मुलांची दप्तरे लाल भिंतीला घासली की फिकट रेघा उठतात, कारण मॅट गडद पृष्ठभागावर घर्षणाने चकाकी येते. ज्या घरांत भिंतीला सतत स्पर्श होतो तिथे पूर्ण मॅटऐवजी हलकी चकाकी असलेला प्रकार घ्यावा, जरी त्यात लांबीचे उंचवटे थोडे जास्त दिसत असले तरी.

ज्यांना फिकट रंगाच्या भिंती करायच्या आहेत त्यांनी एवढ्यासाठी बोहरी आळीपर्यंत जाण्याची गरज नाही. जवळच्या कोणत्याही दुकानातला चांगला पांढरा प्रायमर आणि इमल्शन त्यांना पुरेल. गडद किंवा विरोधी रंग निवडणाऱ्यांना मात्र अशाच दुकानात जाण्याचा सल्ला देईन, जिथे छटेआधी भिंतीचा सध्याचा रंग विचारला जातो. सोबत भिंतीचा दिवसाच्या उजेडातला फोटो न्यावा, प्रायमर रंगवून देणार का हे सुरुवातीलाच विचारावे, स्टेनरचे प्रमाण स्वतः लिहून घ्यावे, आणि शेवटी थोडा रंग घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवून त्यावर सूत्राची पट्टी चिकटवावी. पुढे ओरखडा पडला तर गडद भिंतीवर नुसता तेवढाच भाग ब्रशने भरू नये, कारण वाळल्यावर तो डाग वेगळाच दिसतो. आधी ओरखड्यावर राखाडी प्रायमरचा हात देऊन मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत संपूर्ण भिंतीवर रोलरने एक हात द्यावा लागतो, आणि आमचा न उघडलेला लाल डबा आता त्यासाठीच राखून ठेवला आहे.